हार कुणाला घालायचा?

हणमंता अपघातात गेला आणि दुसऱ्याच दिवशी चौकात श्रद्धांजलीचा बॅनर लागला. त्यावर सभापती रावसाहेब ढमाले हात जोडून बत्तीशी दाखवत होते. हणमंता खालच्या कोपऱ्यात, बोराएवढा. दादाचा चेहरा गावाला शेवटचा दिसायचा तो असा? धाकट्या दिगूचं डोकं फिरलं. त्याने शिडी लावली, झेंडूचा हार थेट रावसाहेबांच्या फोटोला घातला आणि खाली उदबत्ती पेटवली.

तासाभरात रावसाहेबांच्या दारात बायका डोळ्याला पदर लावून जमल्या. रावसाहेब तणतणत चौकात आले.

“दिग्या, गाढवा, मी जिवंत आहे!”

“असाल की साहेब. पण वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि खाली तुमचंच तोंड. लोकांनी काय समजायचं?”

“अरे, मेलाय तो कोपऱ्यातला! नीट बघ की!”

“मला दिसतोय साहेब. गावाला दिसेल एवढा करा. नाहीतर दहाव्याला कावळासुद्धा तुमच्याच दारात येऊन बसेल.”

संध्याकाळी नवा बॅनर लागला. त्यावर हणमंता एकटाच होता, चौकाच्या कुठल्याही टोकावरून दिसेल एवढा. रावसाहेबांनी आपलं नावसुद्धा छापू दिलं नव्हतं.