मावशी बोलायला शिकली

फार जुनी गोष्ट. खाडीच्या काठावरच्या एका गावात एक कासारीण राहायची. बांगड्या तर ती छान भरायचीच, पण त्याहून छान बोलायची. आलेल्या बाईला बोलण्यात अशी गुंतवायची, की बांगडी कधी चढली ते कळायचंसुद्धा नाही. तिला मूलबाळ नव्हतं. धाकटी बहीण होती, ती लग्न होऊन समुद्रापलीकडच्या देशात गेलेली.

एके दिवशी गलबतावरून निरोप आला. बहीण तापाने गेली. मागे लहान लेक राहिली आहे, बाप खलाशी, घरात दुसरं कोणी नाही. पुढच्या मोसमात मुलीला मावशीकडे पाठवतो आहे.

'माय मरो, पण मावशी उरो' असं म्हणतातच. कासारणीने डोळे पुसले आणि मुलीसाठी गोधडी शिवायला घेतली. शिवता शिवता तिच्या मनात आलं, पोर तर बापाच्या भाषेत वाढलेली. आईच्या आठवणीने रडली, तर हिला समजवायचं कसं? जन्मभर साऱ्या गावाशी बोललो आणि आपल्याच लेकरापुढे मुकं व्हायची वेळ आली, या विचाराने तिला अन्न गोड लागेना.

गावातल्या तेल्याची बायको त्याच देशातली होती. कासारीण तिच्याकडे गेली. "वहिनी, मला तुमची भाषा शिकवा."

"शिकवते की," तेलीण म्हणाली. "रोज दुपारी या. पण आक्का, माझ्या घरात माझीच भाषा. इथली भाषा उंबऱ्याबाहेर ठेवायची."

शिकणं सुरू झालं. तेलीण चूल पेटवायची, तांदूळ निवडायची आणि हातातल्या कामाविषयी आपल्या भाषेत सावकाश बोलत राहायची. कासारीण बिचारी तिच्या तोंडाकडे बघत बसायची. तेल्याला तिची ती दशा बघवेना. मोठा मायाळू माणूस! घाणा सोडून जवळ येऊन बसायचा आणि हळूच सांगायचा, "आक्का, ती सूप मागतेय." घाण्याच्या बैलाला तेवढीच विश्रांती.

कासारीण खूश झाली. सूप द्यायची, चूल फुंकायची आणि गावभर सांगायची, "मला आता सगळं समजतं." ही कुजबुज तेलिणीच्या ध्यानात आली होती, पण नवऱ्याच्या भाबड्या चेहऱ्याकडे बघून तिने कानाडोळा केला.

असे काही महिने गेले. एक दिवस त्या देशाचं एक गलबत गोडं पाणी भरायला खाडीत शिरलं. तेली आणि तेलीण नेमकी बाजाराला गेलेली. कासारीण एकटीच धक्क्यावर धावली आणि एका म्हाताऱ्या खलाशाला बहिणीचं नाव सांगितलं. त्याचा चेहरा उजळला. तो त्या घराला ओळखत होता! हाताने मुलीची उंची दाखवत तो बोलू लागला, हसला, मग गंभीर झाला. मुलीच्या नावाशिवाय कासारणीला एक अक्षर कळेना. सवयीने तिने मागे वळून पाहिलं. अर्थ सांगायला तिथे कोणीच नव्हतं. तेवढ्यात ओहोटी लागली आणि गलबत निघून गेलं.

संध्याकाळी ती तेलिणीच्या दारात बसून ढसाढसा रडली. "वहिनी, माझी पोर जेवते का, झोपते का, हेच तो सांगत असेल. आणि मी दगडासारखी उभी!"

त्या दिवशी तेलिणीने स्वतःच आपला नियम मोडला. तिला जवळ घेऊन ती इथल्याच भाषेत म्हणाली, "आक्का, मी नवी आले तेव्हा अशीच रडायची. हे दिवसभर घाण्यावर असायचे आणि सासूबाईंना माझा एक शब्द कळायचा नाही. त्यांच्याशी बोलता बोलताच मला इथली भाषा आली. तुमचे कान मात्र यांच्या कुजबुजीची वाट बघत असतात. माझं बोलणं त्यांत शिरतच नाही."

तेली ओशाळून उभा होता. कासारीण त्याला म्हणाली, "भाऊ, तुमची माया मी जाणते. पण उद्यापासून तुम्ही आपले घाण्यावरच बरे."

मग खरे कष्ट सुरू झाले. तेलिणीने मीठ मागितलं की कासारीण राख आणून द्यायची. दोघी हसून बेजार व्हायच्या. शब्द अडला की ती हाताने दाखवायची आणि तेलीण तो शब्द तिच्या तोंडी द्यायची. एवढी बोलघेवडी बाई, पण लहान मुलासारखी बोबडं बोलायला लाजली नाही. हळूहळू तर ती तेलिणीला बांगड्याही तिच्याच भाषेत भरू लागली. "हात सैल सोड, बाय. दुखलं का?"

मोसम सुरू झाला आणि गलबत आलं. मुलगी उतरली ती ओठ घट्ट मिटून. वाटेत बोलली नाही, घरी आल्यावर घासही घेईना. दारात जमलेल्या बायका म्हणू लागल्या, "मुकी आहे की काय गं?"

कासारीण मुलीजवळ बसली आणि तिच्या भाषेत म्हणाली, "भूक नाही? बरं. मग नुसती बस माझ्याजवळ."

मुलीने चमकून वर पाहिलं. मग अगदी हळू विचारलं, "माझी आई इथे आलीय का?"

हा प्रश्न कासारणीला कोणी शिकवला नव्हता. पण तो तिला कळला. मुलीला मांडीवर घेत ती म्हणाली, "नाही, बाळा. आई नाही. आईची ताई आहे. मी आहे."

शब्द मोडके होते, एकदोन चुकलेही. पोर तिच्या गळ्यात पडून मोठ्याने रडली. रडता रडता बोलू लागली. लाटांविषयी, बापाविषयी, आईविषयी. आणि जिला आजवर कोणी गप्प बसलेलं पाहिलं नव्हतं, ती कासारीण तिला थोपटत नुसती ऐकत राहिली.

तात्पर्य: भाषा त्या भाषेत राहूनच येते. शिकणारा पडला तर त्याच्या भाषेचा हात जरूर द्यावा, पण त्याच्या वाटचं आपण चालू नये.