अस्वलासाठी बंदूक

मोहाच्या वनाने वेढलेल्या एका गावी एकदा एक वृद्ध शिकारी राहत असे. चैत्रात मोहाची फुले गळू लागली की ती वेचण्यास गावातील स्त्रिया पहाटेच रानात जात. आणि त्याच फुलांच्या लोभाने त्याच वेळी अस्वलही तेथे येई. त्या वर्षी अस्वलाने एका स्त्रीचा चेहरा फाडला. फुले वेचल्यावाचून पावसाळ्याच्या अन्नाची तरतूद होणार नव्हती. म्हणून वेचणाऱ्यांच्या रक्षणार्थ कोणी सशस्त्र उभे राहावे, असे पंचांनी ठरविले. वृद्धाच्या तरुण शिष्याने ते काम आपण होऊन मागून घेतले.

शिष्य तितर मारण्यात निष्णात होता. त्याने आपली हलकी बंदूक छर्ऱ्यांनी ठासून गुरूपुढे ठेवली. वृद्धाने एक जुनी गोधडी भिजवली, तिची जाड घडी एका कोहळ्याभोवती गुंडाळली आणि नेम धरण्यास सांगितले. बार उडाला. गोधडीला वरवर भोके पडली. कोहळा मात्र अखंड निघाला. अस्वलाचे दाट केस, जाड कातडे आणि त्याखालील चरबी यांचा विचार आपण केलाच नाही, हे शिष्याच्या ध्यानी आले.

तो तडक तालुक्याच्या बाजारी गेला. हिच्यापुढे हत्तीही लोळेल, असे सांगून शस्त्रविक्रेत्याने त्याला सर्वांत जाड नळीची बंदूक आणि शिशाच्या जड गोळ्या दिल्या. ती खांद्यावर टाकून तो गावभर हिंडला. परंतु नेम धरता गोळी कधी डावीकडे जाई, कधी जमिनीत रुते. शिष्याने प्रथम वाऱ्यास दोष दिला, मग ठासलेल्या दारूस, मग त्या विक्रेत्यास, अखेरीस बंदुकीच्या धक्क्यास.

तेव्हा वृद्धाने बंदूक आपल्याकडे घेतली, पाठ फिरवून ठासली आणि परत दिली. शिष्याने चाप ओढला. केवळ ‘टक्’ असा आवाज झाला. पण शिष्याचे डोळे मिटले होते, खांदा मागे सरला होता आणि नळी जमिनीकडे झुकली होती. आत दारू नव्हतीच.

“बाबा, माझी थट्टा केलीत?” शिष्य दुखावून म्हणाला.

“धक्का बंदूक देते, असे तू म्हणत होतास. आता कोणी दिला?” वृद्ध म्हणाला. “छर्ऱ्याने अस्वल मरत नाही, पिसाळते. आणि पिसाळलेले अस्वल तुलाच शोधीत येईल असे नाही; जी प्रथम दिसेल तिच्यावर ते तुटून पडते. न पेलणाऱ्या बंदुकीचेही फळ तेच. शस्त्र पुरेसे आहे की नाही, याची दोन मापे असतात. एक अस्वलाच्या अंगात, दुसरे तुझ्या खांद्यात. दुकानदार पहिलेच तेवढे सांगतो.”

मग त्याने आपली मध्यम नळीची बंदूक शिष्यापुढे ठेवली. तीत छर्रे नकोत, एकसंध गोळीच हवी; दारूही मापूनच घालावी, असे त्याने समजाविले. हात बसण्यास मात्र काही दिवस लागणार होते, आणि स्त्रिया दुसऱ्याच पहाटे निघणार होत्या.

शिष्य सायंकाळी त्यांच्याकडे गेला. माझा हात बसेपर्यंत उजाडल्याशिवाय निघू नका, एकटीदुकटीने जाऊ नका; उशिरामुळे काही फुले गुरे खातील, ती खाऊ द्या, असे त्याने विनविले.

“मग काल ती तोफ घेऊन गावभर फिरलास, ती काय वरातीला?” एकीने विचारले. सगळ्या हसल्या. शिष्याने मान खाली घातली. शब्द मात्र मागे घेतला नाही.

चेहऱ्यावरून पदर ओढून एक स्त्री भिंतीपाशी बसली होती. ती हसली नव्हती.

“ऐका त्याचं,” ती म्हणाली. “मला कुणी असं सांगितलं नव्हतं.”

मग एकेकीने पहाटेसाठी काढून ठेवलेली टोपली उचलली आणि घरात नेऊन पालथी घातली.