येसूच्या लठ्ठ सशाची कहाणी

ऐका चंद्रराया, तुमची कहाणी. आटपाट नगर, नगराला वेस, वेशीपाशी शिंप्याचं घर. शिंप्याची बायको येसू. घर नेटकं, पण पोटी लेकरूं नव्हतं.

शेजारी हलवाई होता. तो काशीस निघाला. त्याचा एक ससा होता. पेढ्याचा चुरा खाऊन तो असा फुगला होता, की बसला म्हणजे पाय दिसत नसत, उठला म्हणजे धाप लागे. हलवायानं तो येसूच्या ओटीत घातला. "वहिनी, आतां हा तुमचा."

येसूला आनंद झाला. मग तिनं काय केलं? नव्या जावयाला करतात तसा आग्रह केला. सकाळीं दूधभात घातला, दुपारीं गूळपोळी घातली, संध्याकाळीं शिरा घातला. ससा खाई आणि निजे. नवरा म्हणे, "अगं, हा ससा आहे कां उशी?" येसू म्हणे, "असूं द्या. खाऊं घातलं नाहीं तर तो मला आपली म्हणेल कसा?"

एके दिवशीं सशानं तोंड फिरवलं. पोळी नको, शिरा नको, पाणी नको. पोट टम्म झालं. येसू रडूं लागली. इतक्यांत दारीं एक म्हातारा आला. तो होता चंद्रदेव, ससा ज्याच्या मांडीवर असतो तो.

"बाई बाई, कां रडतेस?"

"बाबा, माझा ससा जातो. मीं त्याला कांहीं कमी केलं नाहीं."

"तेंच चुकलं. सांगतों तो वसा घे."

"उपासाचा कां?"

"उपास तुला नाहीं, त्यालाही नाहीं. ओलं-वाळलं गवत घालावं, पाणी ठेवावं. ताटांतलं दाखवूं नये. संध्याकाळीं आपण पुढं चालावं, त्याला मागं येऊं द्यावं. तो बघेल, तूं विरघळशील. विरघळूं नये, वसा मोडूं नये."

येसूनं वसा घेतला. मग सशाचं पोट उतरलं, तो गवताला लागला. पहिल्या दिवशीं जागचा हलला नाहीं, दुसऱ्या दिवशीं पाऊल टाकलं, तिसऱ्या दिवशीं तुळशीपर्यंत आला.

पुढं नागपंचमी आली. नणंद माहेरीं आली. म्हणाली, "सणाच्या दिवशीं मुक्या जिवाला वगळतात कां?" येसू विरघळली. पुरणाचं दिंड त्याच्यापुढं ठेवलं. सशानं खाल्लं, आणि पुन्हा पोट धरून पडला. येसूनं चंद्राला हात जोडले, "देवा, चुकलें." पुन्हा वसा धरला. ससा वांचला.

मग गौरी आल्या. नणंद पुन्हा पुरण घेऊन आली. येसू म्हणाली, "वन्सं, पुरण तुम्ही खा. त्याला गवत द्या." नणंद फुरंगटली. फुरंगटूं द्यावी.

ससा हलका झाला, उड्या मारूं लागला. एके संध्याकाळीं कुंपण ओलांडून माळावर गेला. येसू मागं धांवली. वाटलं, गूळ दाखवावा, हाक मारावी. पण वसा आठवला. ती गवतांत बसली, हात पुढं केला. ससा दूर चरला, थांबला, वळला. आला, आणि तिच्या तळव्यावर हनुवटी टेकून बसला. हातांत कांहीं नव्हतं. तरी आला.

जसे चंद्रराया येसूला पावले, तसे तुम्हां आम्हां पावोत. आपल्या हातून कुणाचं पोट बिघडूं नये, आणि रिकाम्या हातापाशींही कुणी येवो. साठां उत्तरांची ही कहाणी पांचां उत्तरांत सांगितली, ऐकणारांना सुफळ होवो.