तान्हुबाईच्या गावचे दूध

विषय : मौजे हिरडेवाडी येथे दूध न विकण्याच्या चालीबाबत. संदर्भ : गावाच्या उशाला असलेला, मधोमध पाळण्याएवढा खळगा पडलेला काळा खडक. त्यालाच तान्हुबाई म्हणतात.

खडकाची पूजा रावजी गुरवांकडे. आलेल्या पाहुण्याला कथाही तेच सांगत. आजचे पाहुणे मात्र त्यांचे घर बघायला आले होते. त्यांचा मुलगा सुदाम पस्तिशीला टेकला तरी बिनलग्नाचा होता. मुलीचे वडील जोतीराम अण्णा पुढे आणि हल्लीच्या रीतीने मुलगी अश्विनीही सोबत.

"टपरीवाल्यानं चहातल्या दुधाचे पैसे घेतले नाहीत," अण्णा म्हणाले. "पाण्याचे आन् साखरेचे तेवढे द्या म्हणाला. ही काय भानगड, तात्या?"

रावजींनी उसासा टाकला. कथा संपली की पाहुणे उठतात, हा त्यांचा अनुभव. पण देवीच्या दारात खोटे कसे बोलणार?

फार पूर्वी इथे गवळ्यांची वस्ती होती म्हणे. दुष्काळात घाटाखालून एक बाई तान्हे घेऊन आली. तिचा पान्हा आटला होता. तिने दारोदार दूध मागितले आणि प्रत्येक दारात तिला भाव सांगितला गेला. माणसे वाईट नव्हती, असे सांगतात, हिशेबी होती. बाई या खडकावर येऊन बसली. सकाळी माय-लेकरू नव्हते, खडकाला खळगा पडला होता आणि गावातल्या साऱ्या म्हशी आटल्या होत्या. तेव्हा म्होरक्याने ओलेत्याने खडकाला हात लावून शब्द दिला : या गावात तान्हे उपाशी राहणार नाही, दूध कोणी विकणार नाही. म्हशींना पान्हा फुटला. बाईचे नाव कोणी विचारलेच नव्हते, म्हणून देवी तान्हुबाई झाली.

गावाने शब्द पाळला. दारात एकच म्हैस उरली; दुसरीचे दूध करायचे काय? दह्यातुपाचाही प्रश्न निघाला, तेव्हा पंचांनी दही हे दुधाचेच पोर ठरवले. डेअरीची गाडी फाट्यावरूनच वळू लागली. तरणी पोरे कारखान्यांत गेली, आणि मागे राहिली त्यांना कोणी मुली देईना.

"म्हंजे आमच्या लेकीनं फुकट शेण काढायचं?" अण्णांनी विचारले.

"शेण विकता येतं, पाव्हणं," रावजी म्हणाले. "त्याबद्दल देवी काही बोललेली नाही."

अण्णा हसले नाहीत. अश्विनीने इकडेतिकडे पाहिले. "तात्या, गावात तान्हं बाळ कुणाच्या घरी आहे?"

रावजी आठवत राहिले. शेवटचे बारसे ज्या पोराचे झाले, तो आता फौजेत होता.

"मग देवीला कौल लावा की," ती म्हणाली. "दूध विकायची मोकळीक मिळाली, तर मी येईन."

एवढ्या वर्षांत असा कौल कोणी मागितला नव्हता. रावजींनी फुले भिजवून खडकाला दोन्ही बाजूंना चिकटवली. उजवे पडले तर होकार, डावे पडले तर नकार.

"आई," त्यांनी गाऱ्हाणे घातले, "तान्ह्यासाठी शब्द दिला होता. आता तान्हंच राहिलं नाही. आम्ही काय करावं?"

सुदाम उजव्या फुलाकडे बघत उभा राहिला. उन्हे उतरली. शेवटच्या एस.टी.साठी पाहुणे उठले. "पडलं की कळवा," अश्विनी सुदामला म्हणाली.

आजही हिरडेवाडीत दूध फुकट मिळते. दोन्ही फुले सुकून खडकाला तशीच चिकटलेली आहेत. ती झटकण्याचा अधिकार पुजाऱ्याला नाही. अर्ज प्रलंबित आहे.