थंडीनं कुडकुडणारा पंखा

डोंगराच्या कुशीत ओझरवाडी होती. घरं चाळीस, आणि त्या चाळीस घरांना उजेड देणारा झरा मात्र एकच. झऱ्याचं पाणी लाकडी चाकावर पडायचं, चाक गरगर फिरायचं आणि वाडीत दिवे लागायचे. पण रान विरळ झालं, उन्हाळे लांबले, आणि त्या साली तर पाऊसही लवकरच निघून गेला. पौषात झरा करंगळीएवढा उरला.

त्याच पौषात सोनकीला बहीण झाली. ती दोन महिने आधीच आली होती, ओंजळीत मावेल एवढी. सोनकीच्या घरी दोन गोधड्या आणि एक बल्ब, एवढीच काय ती श्रीमंती. सुईणबाईंनी बाळीला मऊ टोपलीत निजवलं, वर तो बल्ब टांगला आणि म्हणाल्या, "ही ऊब महिनाभर हवी. दिवा मंदावला तर बाळ गार पडेल. मग माझ्या हाती काही नाही."

दिवा तर रोजच मंदावत होता. बाळीची तांदळाच्या दाण्यांसारखी नखं निळसर दिसू लागली.

सोनकी दारोदार गेली. "नको असलेले दिवे बंद करा ना! माझ्या बाळीला ऊब पुरत नाही."

"अगं, आमच्या एका दिव्यानं असं काय मोठं होतंय?" एक जण म्हणाला. दुसरा तेच म्हणाला. तिसऱ्यानंही री ओढली. वाडीत भांडणं पुष्कळ, पण या एका उत्तरावर सगळ्यांचं एकमत!

सोनकी देवराईत गेली आणि झऱ्याच्या उगमाशी बसून रडली. तेवढ्यात पाण्यावर निळे, जांभळे, सोनेरी थेंब उडाले आणि त्यांतून एक चिमुकली परी वर आली. तिच्या पंखांवर दवाचे मणी लुकलुकत होते.

"परीताई, झऱ्याला पाणी द्या ना!"

"ते माझ्या हाती नाही गं, सोनुले," परी हळूच म्हणाली. "पण या तीन बिया घे. बी ज्या वस्तूला लावशील, ती वस्तू बोलेल. मात्र दोन अटी आहेत. वस्तू फक्त खरं बोलेल. आणि ज्याची थट्टा होईल, तो स्वतः हसला पाहिजे. कुणाचं मन दुखावलं, तर चाक जागीच थांबेल."

सोनकी आधी वाडीचे प्रमुख, गावकार तात्यांकडे गेली. तात्या ओटीवर शाल पांघरून चहा पीत होते, आणि आत रिकाम्या खोलीत पंखा गरगरत होता. सोनकीनं पंख्याच्या बटणाला बी लावलं.

"तात्याऽऽ!" पंखा कुडकुडत ओरडला. "पौष चाललाय हो! मला हुडहुडी भरलीय. खोलीत ही एकटी खुर्ची, तिला सकाळपासून शिंका येताहेत!"

तात्यांचा चहा बशीत सांडला. आता चाक थांबतं की काय, असं सोनकीला वाटलं. पण तात्या एवढ्यानं हसले, की शाल खांद्यावरून घसरली. हसत हसतच त्यांनी पंखा बंद केला आणि खुर्चीवर शाल घातली.

मग सोनकी भागीकाकूंकडे गेली. काकू फ्रिज उघडा टाकून विचार करत उभ्या होत्या. सोनकीनं फ्रिजला दुसरं बी लावलं.

"काकू, पाचवी खेप," फ्रिज म्हणाला. "मघाशी होतं तेच आहे. अर्धं लिंबू आणि कालची आमटी. बघत राहिल्यानं आमटीचं श्रीखंड होत नाही हो!"

काकू मटकन खाली बसल्या आणि पोट धरून हसल्या. मग त्यांनीच ही गोष्ट शेजारी सांगितली. ऐकणारा हसायचा आणि हसता हसता मान वळवून आपल्या घरात बघायचा. न जाणो, आपला टीव्ही काय सांगेल! घरोघरी बटणं बंद झाली.

टोपलीवरचा दिवा उजळला. पण पूर्ण नाही. सुईणबाईंनी बाळीच्या तळपायाला हात लावला आणि म्हणाल्या, "अजून गार आहे गं."

आता वाडीत एकच मोठा दिवा जळत होता, जानकाआजीच्या दारातला. तो रात्रंदिवस जळायचा. आजीचा मुलगा विसू बारा वर्षांपूर्वी बोटीवर गेला होता, तो परतला नव्हता.

सोनकी तिसरं बी घेऊन गेली, तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. आजीनं तिची मूठ पाहिली. "काय गो, माझ्या दिव्यालाही बोलतं करणार? काय म्हणेल तो?"

दिवा खरं तेच बोलणार, हे सोनकीला ठाऊक होतं. ते खरं ऐकून आजी हसली नसती. बाळीचे गार तळपाय तिला आठवले आणि तिला रडू फुटलं, पण तिनं मूठ उघडली नाही.

"काही नाही, आजी. मी बसू तुमच्याजवळ? वाट बघायला दोघी असलो तर बरं."

दोघी पायरीवर बसल्या. आजीनं विचारलं, "बाळ कसं आहे?"

"गार आहे," सोनकी म्हणाली.

आजीनं वर दिव्याकडे पाहिलं, मग लखलखत्या उन्हाकडे. तिचे ओठ हलले. "अगो बाई! सूर्यनारायण म्हणत असतील, या म्हातारीला मी दिसत नाही की काय!" आणि बारा वर्षांत पहिल्यांदा आजी हसली. उठून तिनं बटण बंद केलं. "विसूला दार ठाऊक आहे. अंधारलं की पणती लावीन."

सोनकी धावत घरी आली. दिवा पिवळाधमक पेटला होता. बाळीनं इवल्याशा बोटांनी आईचं बोट घट्ट धरलं होतं, आणि ती बोटं गुलाबी होती.

महिना सरला. बाळी गुटगुटीत झाली, आणि एका सकाळी सोनकीनं स्वतःच्या हातानं टोपलीवरचा दिवा मालवला. त्याच क्षणी खिडकीत परी उभी राहिली. तिच्या अंगातून सोनेरी, रुपेरी, मोतिया उजेड ओसंडत होता.

"तिसरं बी उरलं," सोनकी म्हणाली.

"ते वापरलं नाहीस, म्हणून तर आता ते रुजेल. झऱ्याकाठी पेर. त्याचं रान होईल आणि तुझी बाळी मोठी होईल तसा झराही मोठा होईल."

पालथ्या मुठीनं डोळे चोळत बाळी कुरकुरली. सोनकीनं ओठांवर बोट ठेवलं.

"परीताई, राग मानू नका हं. पण दिवस उगवलाय. भर उन्हात एवढा उजेड कशाला?"

परी खुदकन हसली. तिनं आपला उजेड मालवला आणि कोवळ्या उन्हात दिसेनाशी झाली.