दोन राज्यांचं एकच भाषण

बर्फाळ डोंगरांच्या मुलखात फार पूर्वी एक अवाढव्य साम्राज्य होतं. एक दिवस ते मोडलं. लढाई झाली नाही, आग लागली नाही; सम्राट थकला आणि घरी निघून गेला. मग त्याची लहान लहान राज्यं झाली. प्रत्येक राज्याने घाईघाईने एक झेंडा शिवला आणि राजा शोधायला घेतला.

ऐलपूर नावाच्या राज्यात गुरांचा एक वैद्य होता. माणूस सरळ, हाताला गुण असलेला. याने आपल्या गाईंना कधी फसवलं नाही, तेव्हा आपल्यालाही फसवणार नाही, असा विचार करून लोकांनी त्यालाच राजा केलं. नदीपलीकडे पैलपूर. तिथे पावाची भट्टी चालवणारी एक बाई राणी झाली. दोघांची जुनी ओळख होती. तिच्या गाढवाचा मोडलेला पाय त्यानेच बसवला होता.

त्याच मुलखात एक व्यापारी होता. पूर्वी तो सम्राटाच्या कोळशाच्या खाणीवर रखवालदार होता. साम्राज्य मोडलं तेव्हा खाणीच्या किल्ल्या त्याच्या खिशात होत्या, आणि त्या कोणाला द्यायच्या हे सांगायला कोणी उरलं नाही. महिन्याभरात खाण त्याची झाली. कशी झाली, यावर लोकांत रोज वाद होई. कोणी म्हणे, हा लुटारू आहे. कोणी म्हणे, असेल, पण शाळेवर छप्पर त्यानेच घातलं ना?

व्यापारी नव्या राजाच्या भेटीला आला. सोबत कोल्ह्याच्या कातड्याची टोपी आणली होती.

"महाराज, हिवाळ्याची काळजी सोडा. कोळसा मी देतो."

"आणि तुम्हाला काय हवं?" वैद्याने विचारलं.

"काही नको. माझा एक माणूस तुमच्या दरबारात बसेल, एवढंच. फार शांत आहे. कोपऱ्यात बसून असतो."

जन्मभर गोठ्यात वावरलेल्या माणसाला कोणी महाराज म्हटलं की बरं वाटतंच. शिवाय टोपी छान ऊबदार होती. वैद्याने होकार दिला.

तो शांत माणूस पहिल्या आठवड्यात कोपऱ्यात होता, दुसऱ्या आठवड्यात खिडकीपाशी, आणि महिना संपायच्या आत सिंहासनाला टेकून उभा राहू लागला. हळूहळू राजाला सवयच लागली. बायकोने ताट वाढलं की तो आधी त्या माणसाकडे बघायचा.

"अहो, भाजी मी केलीय," बायको म्हणाली. "मीठ कमी आहे का ते त्याला काय विचारता?"

एक दिवस तो माणूस राजाच्या कानाशी लागला. "पैलपूरची राणी आपला पूल बळकावणार आहे."

"ती? ती पूल घेऊन करणार काय?"

"तोच तर धोका आहे, महाराज. काय करणार ते कळतच नाही."

नदीवर तो एकच पूल होता. ऐलपूरच्या गाई त्यावरूनच पलीकडच्या कुरणात चरायला जात, आणि पैलपूरचे पाव त्यावरूनच अलीकडे येत. राजा घाबरला. शेवटी ठरलं की दोघांनी पुलावर भेटावं, दोघांनी भाषण करावं आणि मध्यस्थ म्हणून व्यापाऱ्याने बसावं.

त्या सकाळी बायकोने विचारलं, "भाषणात काय बोलणार?"

"अजून मिळालं नाही."

"तुमचं भाषण तुम्हालाच मिळालं नाही?"

राजा टोपी घालून निघाला. भाषणाचा कागद त्याच्या हातात पुलावर पोचल्यावर पडला. दोन्ही काठांवर माणसं दाटली होती. मधल्या खुर्चीत व्यापारी हात बांधून बसला होता.

आधी राणी वाचायला उभी राहिली. "अत्यंत जड अंतःकरणाने मी आज बोलत आहे."

राजाने आपल्या कागदावर नजर टाकली. पहिली ओळ तीच होती. योगायोग असेल, असं त्याला वाटलं. पण दुसरी ओळही तीच निघाली. तिसरीपासून तो बोट ठेवून तिच्याबरोबर वाचू लागला, आणि दोघांनी पान एकदमच उलटलं.

"म्हणून शांततेसाठी हा पूल व्यापारीसाहेबांच्या ताब्यात द्यावा," राणी वाचत होती. "पैलपूरच्या राणीचा कावा आम्ही ओळखला आहे." ती थांबली. "पैलपूरची राणी तर मीच ना?"

काठावर कोणीतरी फिसकन हसलं. राजाने आपला कागद पाहिला. त्यात लिहिलं होतं, 'ऐलपूरच्या राजाचा कावा आम्ही ओळखला आहे.' भाषण एकच होतं, नावं तेवढी बदललेली, आणि कागदांची अदलाबदल झाली होती.

व्यापारी जराही गडबडला नाही. राजाकडे झुकून हळूच म्हणाला, "किरकोळ चूक आहे. नाव बदलून वाचा. हिवाळा पंधरा दिवसांवर आलाय, महाराज."

घराघरातल्या म्हाताऱ्या राजाला आठवल्या, नुकतीच जन्मलेली वासरं आठवली. मग त्याने टोपी काढून व्यापाऱ्याच्या मांडीवर ठेवली.

"मला भाषण येत नाही," तो लोकांना म्हणाला. "मी कोणाचाही कावा ओळखलेला नाही. पूल आपल्या सगळ्यांचा आहे, तो कोणाला द्यायचा नाही. मी ही टोपी घेतली, तिथेच चुकलो."

"मी यांच्याकडून मखमली खुर्ची घेतली," राणी म्हणाली. "संध्याकाळी परत पाठवते."

दुसऱ्या दिवसापासून कोळसा बंद झाला. तो हिवाळा फार वाईट गेला. ऐलपूरची माणसं गाईंच्या उबेला गोठ्यात राहायला गेली. शाळाही गोठ्यातच भरे, आणि गाई मुलांच्या वह्या चाटत. राणीने जंगलातली लाकडं आणून भट्टी दिवसभर पेटती ठेवली आणि गरम पाव पुलावरून अलीकडे धाडले.

"तुझ्या खरेपणाने माझे पाय गरम होत नाहीत बघ," एक म्हातारी राजाला म्हणाली. ते खरंच होतं. राजाने मान खाली घातली आणि तिची खाट उचलून सगळ्यात जाडजूड गाईशेजारी नेऊन ठेवली.

पण खाणीत उतरणारे मजूर या दोन राज्यांतलेच होते. आपली पोरं कुडकुडतात आणि आपण कोळसा काढतो, हे त्यांना पटेना. एकेक करून ते सगळे घरी बसले. व्यापाऱ्याने स्वतः कधी कुदळ धरली नव्हती. बर्फ वितळायच्या सुमारास तो मुलूख सोडून गेला, आणि खाण दोन्ही राज्यांनी मिळून चालवायला घेतली.

पुढे दूरच्या एका राज्यातून वैद्याला पत्र आलं. तिथे एक शिंपी नवा राजा झाला होता. 'एक व्यापारी आलाय, सगळं फुकट देतो म्हणतो. तुम्ही त्याला ओळखता. माणूस कसा आहे?'

वैद्याने उत्तर स्वतः लिहिलं. खूप खाडाखोड झाली. 'माणूस हुशार आहे आणि बोलायला गोड आहे. काही घेण्याआधी त्याला एकदा नाही म्हणून बघा. त्यानंतर तो जसा दिसेल, तसाच तो आहे.'

तात्पर्य एवढंच: ज्याला नाही म्हणायची सोय आपण ठेवत नाही, तो एक दिवस आपल्याच तोंडून बोलू लागतो.