डोंगर चढणारी माती

जर्मनीत मोझेल नावाची एक हिरवीगार नदी आहे. तिला सरळ वाहणं ठाऊकच नाही. तिच्या एका वळणावर टिलेनबाख नावाचं चिमुकलं गाव होतं आणि गावामागे भिंतीसारखा उभा डोंगर. त्या डोंगरावर पायथ्यापासून माथ्यापर्यंत द्राक्षांचे मळे होते.

मळ्यात माती थोडी आणि दगड फार. दगडही कसा, तर शाळेतल्या पाटीचा असतो तसा, चपटा आणि निळसर करडा. दिवसभर तो ऊन साठवायचा आणि सूर्य कलला की वेलींच्या पायांना हळूहळू शेक द्यायचा. त्यामुळे तिथल्या वाइनला न्यारीच चव यायची. मोठी माणसं पेला नाकाशी धरून म्हणत, "अहाहा, भिजलेल्या दगडाचा वास." दगडाला वास असतो हे लहान मुलांना पटत नसे, पण मोठ्यांपुढे बोलणार कोण?

डोंगराच्या अगदी माथ्यावरचा इवलासा मळा ओटिलीचा आणि तिच्या बाबांचा. इतका इवलासा की ओटिली तिथल्या प्रत्येक वेलीला नावानं हाक मारी. ओटिलीला आई नव्हती. तिच्या झग्याला ठिगळं होती, निळी, पिवळी आणि एक लाल फुलाफुलांचं. तिची सोबतीण म्हणजे फ्लॉके नावाची पांढरीशुभ्र हंसीण. वसंतातल्या पुरात ती वाहत वाहत त्यांच्या कुंपणाशी आली होती आणि राहिलीच.

उभ्या डोंगरावर एक मोठी अडचण असते. जोराचा पाऊस आला की माती आणि दगड खाली घसरतात. म्हणून पाऊस थांबला की टिलेनबाखची माणसं पाठीवर टोपल्या बांधत, घसरलेली माती भरत आणि पुन्हा वर नेऊन टाकत. आजोबांनी तेच केलं होतं, पणजोबांनीही तेच.

पण ओटिलीच्या बाबांची कंबर धरली होती. ते कोयत्यासारखे वाकून चालत. आणि त्या उन्हाळ्यात असा पाऊस कोसळला की निम्मा मळा घसरून खालच्या हुबर्टकाकांच्या मळ्यात गेला. वेलींची मुळं उघडी पडली.

"थंडीच्या आत मुळं झाकायला हवीत," बाबा म्हणाले. "नाहीतर पहिल्याच हिमात सगळ्या वेली मरतील, बाळा."

ओटिली हुबर्टकाकांकडे गेली. त्यांचे गाल सफरचंदासारखे लाल होते आणि मिशा मेण लावून वर वळवलेल्या.

"काका, आमची माती तुमच्याकडे आलीय. टोपलीतून नेऊ का?"

"तुमची?" काका म्हणाले. "माझ्या बांधाच्या आत आलं ते माझं. मी काही तिला बोलवायला गेलो नव्हतो."

"पण ती घसरली म्हणून आली."

"येताना माझा दरवाजा बघून आली असेल. चांगलं घर कुणाला आवडत नाही?" ते मिशीवर बोट फिरवत हसले. "बाहेर पायवाटेवर पडलेले दगड ने हवे तर. त्यांना मी माझे म्हणत नाही. मन मोठं आहे माझं."

हुबर्टकाकांनी आयुष्यात कधी टोपली उचलली नव्हती. वरची माती दरवर्षी आपणहून येत होती. बाबांची कंबर धरल्यापासून ती तिथेच राहू लागली, आणि तेव्हापासून त्यांची वाइन पंचक्रोशीत नावाजली जात होती आणि ओटिलीच्या बाबांची आंबट होत चालली होती. गेल्या साली ती चाखताना पाद्रीबाबांची एक भुवई वर गेली, ती पुढच्या रविवारपर्यंत खाली आली नाही. टिलेनबाखमध्ये वाइनच्या प्रत्येक सालाला नाव असे. मधमाश्यांचं साल, धुक्याचं साल. गेल्या सालाला गावानं नाव दिलं, भुवईचं साल.

रविवारी सकाळी सारा गाव चर्चमध्ये असताना ओटिली पायवाटेवरचे दगड वेचत होती. एका चपट्या दगडाखालून आवाज आला, "जरा हळू. पाय आहे माझा."

तिनं दगड उचलला. खाली चिमणीएवढी एक परी होती. तिचा झगा पाटीसारखा निळा, केस कोवळ्या द्राक्षांच्या रंगाचे आणि पंख पानांच्या जाळीसारखे नाजूक. नखशिखांत चिखल. एका पायात इवलासा चंदेरी बूट होता आणि दुसरा पाय अनवाणी.

"मी माथ्यावरच्या दगडांची परी," ती म्हणाली. "मातीबरोबर घसरले. दरवर्षी घसरते. इतकी वर्षं झाली, अजून सवय होत नाही."

ओटिलीनं ठिगळाच्या टोकानं तिचे पंख पुसले. टोपलीतले दगड बाजूला सारून तिनं परीसाठी पानांची गादी केली आणि अख्खा डोंगर चढून तिला वर आणलं. चढताना ती धापा टाकत होती, तरी मधूनमधून विचारत होती, "हिसके बसत नाहीत ना?"

वर पोचल्यावर परीनं पंख झटकले. हवेत निळे-सोनेरी कण लकाकले.

"एक इच्छा माग," परी म्हणाली. "पण नियम आहेत. मागशील ते साऱ्या गावाला लागू होईल, एकट्याला नाही. मागताना तोंडात कच्चं द्राक्ष हवं. आणि तोंड वाकडं करायचं नाही."

"तोंड वाकडं का नाही करायचं?"

"त्याला कारण नाही. मला आंबट चेहरे आवडत नाहीत."

ओटिलीनं खूप विचार केला. "ज्याची जी वस्तू असेल, ती त्याच्या घरी जाऊ दे. असं चालेल?"

"चालेल. पण तुझ्या घरीही कुणाचं काही असेल, तर तेही जाईल."

ओटिलीनं फ्लॉकेकडे पाहिलं. फ्लॉके चोचीनं तिच्या झग्यावरचं लाल फूल ओढत होती. पुरानंतर खालचा नावाडी काठाकाठानं काहीतरी शोधत फिरत होता. ओटिलीनं ते वरून पाहिलं होतं. तिला कुणी विचारलं नाही, म्हणून तिनंही सांगितलं नव्हतं.

"ती आमच्या कुंपणात आपणहून आली," ओटिली हळूच म्हणाली. बोलता बोलताच तिचे कान लाल झाले. असेच शब्द तिनं नुकतेच कुणाच्या तरी तोंडून ऐकले होते.

परीनं वेलीवरच्या हिरव्या द्राक्षाकडे बोट केलं.

ओटिलीनं फ्लॉकेला घट्ट मिठी मारली, मग सोडलं. वेलीवरचं हिरवं द्राक्ष तोडून तोंडात टाकलं. ते इतकं आंबट होतं की कानात शिट्टी वाजली. डोळ्यांत पाणी आलं, पण चेहरा तिनं दूध प्यायल्यासारखा ठेवला आणि इच्छा मागितली.

आधी फ्लॉके उठली. एकदा मागे वळून ओरडली आणि डुलत डुलत खाली निघाली.

मग गाव हललं. बेकरीतून एक तवा उडी मारून बाहेर आला आणि ठणठण करत शिंपीणबाईंच्या घरी गेला. शिडी दोन पायांवर चालत रस्ता ओलांडून गेली. सरपंचांच्या डोक्यावरची टोपी त्यांच्या मेव्हण्याकडे उडाली. चर्चमध्ये पाद्रीबाबा रंगात येऊन बोलत होते. त्यांचं प्रवचन शेजारच्या पाद्रीबाबांकडून उसनं आणलेलं होतं. ते वाक्याच्या मधोमध तोंडातून निघून गेलं. पाद्रीबाबा उघड्या तोंडानं उभे राहिले आणि मग म्हणाले, "बरं, आज लवकर घरी जा."

लोक बाहेर येऊन पाहतात तो काय, डोंगरावर दगडांची रांग लागलेली. चपटे निळे दगड एकामागून एक, शेळ्यांच्या कळपासारखे वर चढत होते. मागून माती, गांडुळांसकट. नदीतूनही ओले दगड ठिबकत बाहेर पडले. एकावर छोटा मासा होता, त्याला उतरवायला तो दगड पुन्हा पाण्यात जाऊन आला. ते दगड थेट हुबर्टकाकांच्या मळ्यात शिरले. त्यांची स्वतःची माती कधीचीच नदीत गेली होती, आणि त्यांना ते कळलंही नव्हतं.

शेवटी हुबर्टकाकांच्या तळघरातून सोनेरी धाग्यासारखा एक सुवास निघाला. डोंगर चढून तो बाबांच्या पिंपात उतरला.

वर बाबा उघड्या तोंडानं मळा पाहत होते. प्रत्येक मूळ झाकलेलं होतं.

तेवढ्यात हुबर्टकाका धापा टाकत आले. हातात त्यांच्या वाइनचा पेला होता. सारखे खोकत होते.

"माझी चव गेली," ते म्हणाले. "चाखून पाहा. खोक, खोक. ओल्या मोज्यासारखी लागते. आणि घशात मघापासून काहीतरी अडकलंय."

"सगळं घरी गेलं," परी वेलीच्या पानाआडून ओटिलीच्या कानात कुजबुजली. "एकच गोष्ट राहिलीय. ती मला ओढून काढता येत नाही."

बाबांनी कंबर सावरत पिंपातून पेला भरून काकांपुढे धरला. "बसा, हुबर्टदादा. आधी घसा ओला करा."

काकांनी एक घोट घेतला. डोळे मिटले. भिजलेला दगड, ऊन आणि कोवळं सफरचंद.

"ही माझी वाइन आहे," ते म्हणाले आणि पुन्हा खोकले. मिशीची दोन्ही टोकं खाली आली. त्यांनी आणखी एक घोट घेतला. "नाही. माझी नाही. खोक. माती तुमची होती. चवही तुमची. मला ठाऊक होतं."

आणि खोकला थांबला.

काका स्वतःच दचकले. त्यांनी घसा चाचपला. मग जरा लाजून विचारलं, "ओटिली, ती टोपली पाठीला कशी गं बांधतात? पाऊस तर पुन्हा येणारच."

"आधी उजवा हात घाला, काका," ओटिली म्हणाली. "तो डावा आहे."

खालून नावाड्याची हाक आली. त्याच्या कडेवर फ्लॉके होती आणि तो दुसरा हात हलवत होता. "ओटिली, हिला भेटायला रोज ये गं. तू नाही आलीस, तर ही मला चावेल."

ओटिली हसत वळली. पानावर परी उभी होती, तिच्या पंखांमधून ऊन आरपार जात होतं. परी हसली, परत आलेल्या चंदेरी बुटानं पान हलकेच ढकललं आणि उजेडात विरघळली. माथ्यावरचा एकेक दगड क्षणभर लखलखला, निळा, जांभळा, सोनेरी. मग सगळे पुन्हा साधे दगड झाले, आणि ओटिलीनं हात लावून पाहिलं तर छान उबदार होते.